वाढत जाणारं ऑइल

मोटारसायकलची किल्ली सुनेच्या हातात देताना अण्णा एवढंच म्हणाले होते, "ऑइल वेळच्या वेळी बदलत जा. बाकी ती काही मागत नाही."

वेळच्या वेळी म्हणजे नेमकं कधी, हे तिनं तेव्हा विचारलं नाही. किल्ली मिळाल्याच्या आनंदात असलं काही कुणाला सुचत नाही.

ती एका लॅबमध्ये कामाला होती. सकाळी घरोघर जाऊन रक्त घ्यायचं, नळ्या बर्फाच्या पेटीत ठेवायच्या आणि लॅबला पोचवायच्या. लोक तिला तोंडावर ताई म्हणत आणि आत जाऊन "अहो उठा, रक्तवाली आलीय" असं ओरडत. तिला ते दाराबाहेर स्वच्छ ऐकू यायचं आणि हसू यायचं. पूर्वी ती बसनं फिरायची. बस चुकली की उपाशीपोटी ताटकळलेली माणसं तिच्यावर डाफरायची, आणि त्यांचंही चुकत नव्हतं.

अण्णा म्हणजे तिचे सासरे. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्यांचा सगळा जन्म गेला. मागच्या सीटवर हत्यारांची पेटी आवळून ते याच मोटारसायकलवरून गावभर हिंडले. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर समोरच्या गाड्यांचे दिवे त्यांना फुटल्यासारखे दिसायला लागले, तेव्हा कुणी सांगायच्या आत त्यांनी गाडी सोडली. मुलाला ती नको होती. तो छापखान्यात होता आणि छापखाना घरापासून हाकेच्या अंतरावर. म्हणून गाडी सुनेकडे आली आणि दोन आठवड्यांत ती अशी चालवायला लागली की शेजारच्या बाईनं स्वतःच्या नवऱ्याला गॅलरीत बोलावून दाखवलं.

ऑइलचा विषय निघाला तो थंडी संपता संपता. तिनं अण्णांना विचारलं, "किती दिवसांनी बदलायचं असतं?"

"काळं झालं की."

"काळं तर आत्ताच झालंय."

"मग फार काळं झालं की."

पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला, जुनी गाडी आहे, हजार किलोमीटरच्या वर जाऊच नका. लॅबमधला काउंटरवाला म्हणाला, "ताई, हल्लीचं ऑइल पाच हजार आरामात जातं, लोक उगाच घाबरवतात." कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि दोन हजार सांगितलं. मग म्हणाला, "पण तुम्ही थांबत थांबत फिरता. दर घराला गाडी बंद, परत चालू. मग दीड धरा. नाही, बाराशेच करा." नवऱ्यानं कपाटातून कंपनीचं पुस्तक शोधून काढलं. त्यात ऑइलचा तक्ता होता, पण गाडी एवढं आयुष्य काढेल अशी कंपनीलाही कल्पना नसावी. तक्ता जिथे संपत होता तिथून गाडी कितीतरी पुढे निघून गेली होती.

तिचं डोकं चक्रावलं. तिच्या कामात असं नसे. साखर इतकी ते इतकी, त्यापलीकडे गेली की आकडा ठळक अक्षरात. इथे प्रत्येकाचा आकडा निराळा, आणि प्रत्येकजण असा ठाम की जणू दुसऱ्या कुणाला विचारायची सोयच नाही. शेवटी तिनं मिस्त्रीकडून ऑइल बदलून घेतलं, आणि ठरवलं की आता दर रविवारी आपणच बघायचं. इंजिनाच्या बुचाला एक काडी असते. ती पुसून आत घालायची, बाहेर काढायची. काडीवर दोन रेघा. ऑइल त्या दोन रेघांच्या मध्ये असलं की ठीक.

पहिल्या रविवारी ते वरच्या रेघेला टेकलेलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी रेघेच्या वर गेलं होतं.

तिला वाटलं, गाडी तिरकी उभी असेल. सरळ करून पाहिलं. तेच. सोमवारी मिस्त्रीला दाखवलं तर तो म्हणाला, "कुणीतरी जास्तीचं ओतलंय." त्यानं खालचा बोल्ट ढिला करून थोडं काढून टाकलं. आठवड्यानं पाहावं तर ऑइल परत रेघेच्या वर.

जुनी गाडी ऑइल खाते, हे तिनं दहा जणांकडून ऐकलं होतं. जुनी गाडी ऑइल घालते, हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.

"अण्णाच ओतत असतील," नवरा जेवताना हळूच म्हणाला. अण्णा आतल्या खोलीत रेडिओ लावून बसले होते. "सकाळी उठून गाडीपाशी जायची सवय आहे त्यांना. जिन्याखाली डबा आहेच."

तिच्या मनात पाल चुकचुकली. कारण मधल्या काळात दोनतीन गोष्टी घडल्या होत्या. एकदा अण्णा बल्ब आणायला गेले आणि साबण घेऊन आले. एकदा चहाचा कप खाली ठेवून अर्ध्या तासानं म्हणाले, "आज चहा नाही का?" त्या त्या वेळी सगळे हसले होते. आता त्या गोष्टी एका रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

तिनं विचारलं, "अण्णा, गाडीत ऑइल ओतलंत का हो तुम्ही?"

"मी? नाही बुवा. तुझ्या गाडीत मी कशाला हात घालू?"

जिन्याखालचा डबा पत्र्याचा आणि जुनापुराणा. त्यात पूर्वी किती होतं, आता किती आहे, कुणालाच माहीत नव्हतं. नवऱ्यानं तो उचलून कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. तरी पुढच्या रविवारी काडी वरपर्यंत भिजलेली.

"ओतलंत का अण्णा?"

"नाही... नसेल ओतलं."

नवऱ्यानं ताईला, म्हणजे त्याच्या बहिणीला, फोन केला. नणंदबाई बोलायला लागल्या की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागे, त्यामुळे सगळं सगळ्यांना ऐकू आलं. "मला वाटलंच होतं! परवा मला दोनदा तोच प्रश्न विचारला त्यांनी. अरे, मशीनचं तेल असतं ना त्यांच्याकडे, तेच घालत असतील. काढून घ्या आधी. इंजिन बसलं म्हणजे मग?"

शिलाई मशीनला तेल सोडायची अण्णांची एक कुपी होती. चोचीसारखं लांब तोंड, आणि बुडाशी दाबलं की टक् असा आवाज. कामं कमी झाली तरी शेजारपाजारच्या बाया मशीन घेऊन यायच्या आणि अण्णा खिडकीत बसून निवांत काम करायचे. नवऱ्यानं कुपी आणि तेलाच्या बाटल्या उचलल्या, तेव्हा ते नुसते बघत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्या आठवड्यात समोरची बाई मशीन घेऊन आली, तर अण्णांनी दारातूनच परत पाठवली. "आता नाही जमत हो," म्हणाले.

आणि तरीही ऑइल वाढलंच.

ती काडी हातात धरून अंगणात बसली होती, तेव्हा अण्णा पायरीवर येऊन उभे राहिले. त्यांनी काडीकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"मीच ओतलं असणार," ते म्हणाले.

"अहो अण्णा, डबा कुलपात आहे."

"नाही नाही, मला आठवतंय आता. उजाडलं नव्हतं नीट. डबा गार लागला हाताला. बूच उघडताना खाली फडकं धरलं होतं, निळं. थोडं सांडलं बोटांवर. पुसलं मी ते." बोलताना त्यांनी उजव्या हाताची बोटं चोळली. "भिंतीवर मांजर बसलं होतं. मी त्याला हाकललंसुद्धा."

एवढं बारीकसारीक सांगतोय माणूस, म्हणजे खरंच असणार. पण कुलूप? आणि निळं फडकं तर घरात तिनं कधी पाहिलंच नव्हतं. रात्री तिनं नवऱ्याला विचारलं, "किल्ली कुठे ठेवतोस?" त्यानं खिशातून काढून दाखवली. मग दोघंही त्या किल्लीकडे बघत बसले.

नणंदबाई रविवारी आल्या आणि अण्णांना चार दिवस हवापालटाला म्हणून आपल्याकडे घेऊन गेल्या. अण्णांनी दोन शर्ट पिशवीत घातले. एरवी मुलीकडे जायचं म्हटलं की हजार कारणं सांगणारा माणूस, पण या वेळी लहान पोरासारखा हात धरून निघाला. जाताना सुनेला म्हणाले, "गाडीचं काही बिघडलं तर सांग हो. भरपाई म्हणून मला काहीतरी करता येईल."

तिला ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं.

चार दिवसांचे दहा झाले. मधल्या रविवारी तिला सुट्टी मिळाली. एरवी ती गाडी बघायची ती काम आटोपून, सकाळभर स्पिरिटचे बोळे हाताळून झाल्यावर, तेव्हा नाकाला दुसरा कुठला वासच यायचा नाही. त्या दिवशी ती ताजीतवानी होती. मिस्त्रीनं आठवड्यापूर्वीच ऑइल बरोबर रेघेवर आणून दिलं होतं. अण्णा घरात नव्हते. डबा कुलपात. तिनं काडी काढली.

वरची रेघ बुडाली होती.

ती तशीच आत गेली आणि आंघोळीला निघालेल्या नवऱ्यासमोर काडी धरून उभी राहिली. "हे तू केलंस?"

"मी? मला ते बूच कुठे असतं ते माहीत नाही."

"मग कोणी केलं?"

"तू झोपेत तर नाही ना..." तो म्हणाला आणि तिचा चेहरा पाहून थांबला.

दोघं एकमेकांकडे संशयानं बघत असतानाच तिला वास आला. काडी तिच्या नाकाखाली होती. तिनं ती आणखी जवळ घेतली. ऑइलचा वास जाड असतो. हा तसा नव्हता. हा पंपावर नळी काढताना येतो तो वास होता.

"पेट्रोल," ती म्हणाली.

तिनं ऑइलचा थेंब बोटांत चोळला. पाण्यासारखा पातळ. मग तिला भराभर बाकीचं आठवलं. गेले काही महिने पेट्रोल लवकर संपत होतं आणि ती पंपवाल्यावर चरफडत होती. सकाळी गाडी सुरू करताना मागून धूर निघत होता आणि ती म्हणत होती, म्हातारी आहे, खोकणारच.

मिस्त्री आधी ऐकेचना. "ताई, ऑइल असं आपोआप वाढत नसतं."

"तुम्ही वास घ्या."

त्यानं घेतला. परत घेतला. मग टोपी मागे सरकवून डोकं खाजवलं. "अरेच्चा. मी दर वेळी काढून टाकत होतो आणि..." पुढचं त्यानं गिळलं. "गाडी उभी केली की पेट्रोलचा कॉक बंद करता ना?"

"कुठला कॉक?"

मिस्त्रीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू घराचं दार रात्री लावता ना असं विचारल्यावर तिनं "कुठलं दार?" म्हटलं होतं. त्यानं टाकीखाली बोट दाखवलं. तिथे एक छोटीशी चावी होती. ती तिनं रोज पाहिली होती आणि तिला ते टाकीचंच काहीतरी असावं असं वाटलं होतं.

नव्या गाड्यांना याची फारशी गरज पडत नाही, मिस्त्री सांगू लागला. पण या गाडीच्या कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई झिजलेली. कॉक उघडा राहिला की पेट्रोल झिरपत झिरपत इंजिनात उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. "अण्णा बंद करत असणार. म्हणून इतकी वर्षं कळलं नाही."

"म्हणजे ऑइल कुणीच ओतलं नव्हतं?"

"कोण ओतणार?"

त्यानं सुई बदलली, ऑइल पूर्ण बदललं. पुढचं किती किलोमीटरला बदलू, असं तिनं विचारलं तेव्हा त्यानं फडक्याला हात पुसले. "आता मला विचारू नका," म्हणाला. "बघत चला. वास घेत चला."

ती तिथूनच थेट नणंदेकडे गेली. अण्णा खिडकीशी खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली. समोर वर्तमानपत्र, पण घडी मोडलेली नव्हती. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. नणंदबाई दारात येऊन ऐकत होत्या. बोलायच्या बेतात असलेलं तोंड त्यांनी मिटलं आणि पदराशी चाळा करत राहिल्या.

"म्हणजे मी ओतलंच नाही?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही, अण्णा. मीच कॉक उघडा ठेवत होते. तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

"कॉक बंद करायचा हे काय सांगायचं असतं?" ते पटकन म्हणाले, आणि क्षणभर पूर्वीचे अण्णा दिसले. मग त्यांचा चेहरा पुन्हा गढूळला. "पण मला आठवतंय की. गार डबा. ते मांजर."

"मग ते कधीचं असेल?"

"मला काय माहीत?" त्यांनी बोटांकडे पाहिलं. "मला तर आत्ताचंच वाटतंय. तुम्ही विचारलंत, विचारलंत, आणि मग एक दिवस ते आत होतंच."

आत कुकरची शिट्टी झाली, पण नणंदबाई जागच्या हलल्या नाहीत.

"बरं, मग मी विसरतो का नाही विसरत?" अण्णांनी सरळ सुनेला विचारलं. "साबणाचं खरं होतं ना? चहाचं?"

"ते खरं होतं."

"आणि ऑइलचं खोटं."

"हो."

"मग बाकीच्याचं कसं ओळखायचं? तुझ्या लॅबमध्ये याची काही तपासणी नसते?"

"नाही हो अण्णा."

डॉक्टरकडे त्या त्यांना आधीच घेऊन जाऊन आल्या होत्या, असं तेव्हा नणंदबाईंनी कबूल केलं. डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि नणंदबाईंना बाजूला घेऊन वयाच्या मानानं ठीक आहे असं सांगितलं. "मग मला का नाही सांगितलंस?" अण्णांनी विचारलं. नणंदबाई म्हणाल्या, "ठीक आहे म्हणजे नेमकं काय, हे मलाच कळलं नव्हतं." आणि त्यांना रडू आलं. अण्णाच मग उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

जेवायला थांबा म्हणाल्या, पण अण्णांना घरी जायचं होतं. दोन शर्टांची पिशवी गळ्यात अडकवून ते गाडीपाशी आले आणि तिथे अडले. या गाडीवर मागे बसायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. पाय कुठे ठेवायचे हे सुनेनं दाखवलं. हात कुठे ठेवायचे हे दोघांनाही सुचेना. शेवटी तिच्या बॅगेचा पट्टा धरून ते बसले.

मोठ्या रस्त्याला गर्दी होती. अण्णा मागून म्हणाले, "डावीकडे घे. गोदामाच्या मागून रस्ता आहे, निम्म्या वेळात पोचू."

तिनं घेतलं. गोदाम लागलं, त्याची मागची भिंत लागली, आणि भिंतीच्या टोकाला रस्ता संपला. पुढे काँक्रीटचा कठडा आणि त्याच्यापलीकडे खाली खोल रेल्वेचे रूळ. तिनं गाडी थांबवली. तिनं आरशात बघायचं टाळलं.

कठड्याशी एक माणूस सायकलच्या ट्यूब विकायला बसला होता. तिनं त्याला विचारलं, "इथून पलीकडे जायला रस्ता आहे का हो?"

"नाही. कधीच नव्हता," तो म्हणाला.

त्याच्या शेजारी गोणपाटावर एक म्हातारी बसली होती. ती मान वर करून म्हणाली, "नव्हता काय? होता की! लाकडी पूल होता. मी लग्न होऊन त्याच्यावरूनच आले. रूळ वाढवले तेव्हा पाडला." मग जरा विचार करून म्हणाली, "का तो पुढच्या फाटकापाशी होता?"

"इथेच होता," अण्णा मागून म्हणाले.

"इथेच," म्हातारी म्हणाली. "का तिथे? थांबा हं."

ट्यूबवाला म्हणाला, "आई, तू गप बैस." म्हातारी गप बसली नाही. अण्णा गाडीवरून उतरले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. पुलाला कठडा कुठल्या बाजूला होता, त्याच्या तोंडाशी कुणाचं दुकान होतं, यावर दोघांची जुंपली. कठडा डावीकडे होता यावर एकमत झालं. दुकानाचं काही जमेना. अण्णा म्हणत होते न्हाव्याचं, म्हातारी म्हणत होती कोळशाची वखार.

सुनेनं गाडी बंद केली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. खालून एक मालगाडी संथपणे जाऊ लागली. तिच्या आवाजात दोघांचंही बोलणं ऐकू येईनासं झालं, तरी अण्णांचे हात चालूच होते. हवेत ते पुलाच्या फळ्या मांडून दाखवत होते.